वर्गात घडलेला शिक्षक : इंग्लंडातील विद्यार्थी-शिक्षक पद्धती आणि तिचा मुंबई इलाख्याशी संबंध

इ. स. १८४६ च्या ऑगस्ट व डिसेंबर महिन्यांत इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलच्या शिक्षण समितीने प्राथमिक शाळांतील शिक्षकांसंबंधी दोन टिपणे मंजूर केली. त्यांनी इंग्रजी समाजात एक नवाच वर्ग जन्मास घातला. वयाची तेरा वर्षे पूर्ण केलेला, बहुधा मजुराच्या वा कारागिराच्या घरातला मुलगा पाच वर्षांच्या करारपत्राने एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकाशी बांधला जावयाचा. दिवसा त्याने खालच्या वर्गास शिकवावयाचे आणि शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यावर स्वतः मुख्याध्यापकापाशी शिकावयाचे. मुलींच्या शाळांतून मुलींसाठी हीच व्यवस्था होती. 'प्युपिल टीचर' हे या मुलामुलींचे अधिकृत नाव. मराठीत त्यांस विद्यार्थी-शिक्षक म्हणणे सोयीचे होईल.

या पद्धतीविषयी सामान्यतः दोन मते मांडली जातात. एका मतानुसार ती गरिबांच्या शाळा अल्प खर्चात चालविण्याची युक्ती होती व कोवळ्या मुलांच्या श्रमावर ती उभी होती. दुसऱ्या मतानुसार, ज्या काळात मजुराच्या मुलाला खाण, गिरणी अथवा शेत यांखेरीज वाट नव्हती, त्या काळात ती वर चढण्याची एकमेव शिडी होती. दोन्ही मतांस भरपूर आधार आहे. परंतु या दोहोंच्या वादात मूळ प्रश्न बाजूस राहतो. पाच वर्षे रोज वर्गासमोर उभा राहणारा हा मुलगा शिक्षक म्हणून कसा घडत होता? कागदपत्रे या दृष्टीने वाचली असता एक गोष्ट दृष्टोत्पत्तीस येते. विद्यार्थी या नात्याने त्याची जी वाढ होई ती वर्षानुवर्षे काटेकोरपणे मोजली गेली. शिक्षक या नात्याने होणारी वाढ मात्र जवळजवळ वर्गाच्याच स्वाधीन केली गेली. त्यामुळे वर्गाने त्याला जे शिकविले ते पुष्कळदा वर्ग ताब्यात ठेवण्याचे कसब होते, आणि ते त्याने फार मोठी किंमत देऊन मिळविले.

या कल्पनेचे मूळ हिंदुस्थानात शोधण्याची प्रथा आहे. स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल याने १७८९ मध्ये मद्रासजवळ एग्मोर येथील लष्करी अनाथालयाची देखरेख पत्करली. तेथील पगारी मास्तरांवर त्याचा विश्वास नव्हता. जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत असलेली त्याने पाहिली व ती रीत आपल्या शाळेत आणण्याचे ठरविले. मास्तरांनी टाळाटाळ केली, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलावर हे काम सोपविले आणि ते यशस्वी झाले. मग मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याची सारी रचना उभी राहिली. १७९७ मध्ये लंडनला त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. मराठी वाचकास यात काही नवल वाटणार नाही. पंतोजीच्या शाळेत धुळाक्षरे होतीच, आणि सायंकाळी एका वडील मुलाने परवचा सांगावा व बाकीच्यांनी मागोमाग म्हणावा हीही नित्याची गोष्ट होती. तथापि 'मद्रास पद्धती' ही सर्वस्वी भारतीय होती असे म्हणणे अभिमानास पोषक असले तरी नेमके नव्हे. पंतोजीचा वडील मुलगा हा पंतोजीचा हात होता. बेलने व त्याच्या पाठोपाठ लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने त्या हाताचे यंत्र केले. एक मास्तर, अनेक मॉनिटर आणि शेकडो मुले, असे ते यंत्र होते. नऊ-दहा वर्षांच्या मॉनिटरने पाठ केलेले शब्द दुसऱ्याकडून पाठ करून घ्यावयाचे, एवढेच त्यात अभिप्रेत होते. १८३० नंतर इंग्लंडात त्याची मर्यादा सर्वांच्या ध्यानी येऊ लागली.

मॉनिटरच्या जागी विद्यार्थी-शिक्षक आणणारा पुरुष म्हणजे जेम्स के, जो पुढे के-शटलवर्थ या नावाने प्रसिद्ध झाला. हा मूळचा मँचेस्टरचा डॉक्टर. १८३५ पासून तो नॉरफक व सफक परगण्यांत गरिबांच्या कायद्याखालील साहाय्यक आयुक्त होता. तेथील एका वर्कहाउसच्या शाळेत मास्तर आजारी पडला असता तेरा वर्षांच्या एका मुलाने आपण होऊन वर्ग चालू ठेवला व तो नीट चालला, ही हकीकत त्याच्या मनावर बिंबली. हॉलंडमध्ये मोठी मुले उमेदवारी करीत शिक्षक होतात हेही त्याने पाहिले होते. लंडनजवळच्या नॉरवुड येथील अनाथ मुलांच्या शाळेत त्याने प्रयोग केला आणि १८४० मध्ये बॅटर्सी येथे अध्यापक विद्यालय काढले. शिक्षण समितीचा चिटणीस या नात्याने १८४६ ची योजना त्याचीच.

त्या योजनेतील अटी पाहण्याजोग्या आहेत. तेराव्या वर्षी प्रवेश घेणाऱ्या उमेदवारास ओघाने व भावपूर्ण वाचता यावे. साधी गोष्ट शुद्ध व नीटनेटक्या अक्षरात लिहिता यावी. अंकगणिताचे पहिले चार नियम व वजनमापांची कोष्टके यावीत. वाक्यातील शब्दांच्या जाती ओळखता याव्यात. भूगोलाची मूलतत्त्वे ठाऊक असावीत. चर्चच्या शाळेत धर्मप्रश्नोत्तरी आणि मुलींना शिवण-विणकाम यांची जोड होती. या साऱ्यांच्या अखेरीस एक अट येते: तपासनिसाचे समाधान होईल अशा रीतीने त्याने खालच्या वर्गास शिकवून दाखवावे. पहिल्या वर्षी त्यास दहा पौंड विद्यावेतन मिळे व ते दरवर्षी अडीच पौंडांनी वाढत जाऊन पाचव्या वर्षी वीस पौंड होई. मुख्याध्यापकाने त्यास आठवड्यातून पाच दिवस रोज दीड तास स्वतंत्र शिकवावे, व त्याबद्दल एका विद्यार्थी-शिक्षकामागे वर्षास पाच पौंड, दोघांमागे नऊ पौंड असे मानधन घ्यावे. पंचवीस मुलांमागे एक विद्यार्थी-शिक्षक असे प्रमाण ठरले. त्याच्या घरच्या चालचलणुकीची चौकशी होई, आणि घर योग्य न वाटल्यास त्याने दुसऱ्या मान्य कुटुंबात राहावे असाही दंडक होता. वर्षाच्या शेवटी सरकारी तपासनीस येऊन परीक्षा घेई. पाच वर्षे पार पाडणारा उमेदवार 'क्वीन्स स्कॉलरशिप'च्या स्पर्धा परीक्षेस बसे व यशस्वी झाल्यास सरकारी खर्चाने अध्यापक विद्यालयात जाई.

या तपशिलात रोजचा दीड तास हा सर्वांत मोलाचा होता. तो नुसत्या अभ्यासाचा तास नव्हता. वर्गात दिवसभर जे घडले त्याची वाच्यता करावयास दुसरी जागाच नव्हती. ज्या मुख्याध्यापकास आपल्या कामाची आस्था असे, तो या वेळात भाषा व गणित शिकविता शिकविता आजच्या वाचनाच्या पाठात मुले का गोंधळली, प्रश्न कसा विचारावयास हवा होता, कोणत्या मुलाकडे दुर्लक्ष झाले, हेही सांगे. ज्यास ती आस्था नसे, तो पुस्तकाचे पान दाखवून स्वतःचे काम करीत बसे. योजनेने वेळ दिली, पण तिच्यात काय व्हावे हे प्रत्येक शाळेवर सोडले.

शाळेची वास्तूही लक्षात घेतली पाहिजे, कारण विद्यार्थी-शिक्षकाचा अनुभव तिने फार घडविला. त्या काळची सामान्य शाळा म्हणजे एक लांबलचक दालन. त्यात तीन-चार वर्ग एकाच वेळी चालत; मध्ये फार तर पडदा असे. एका कोपऱ्यात वाचन, दुसऱ्यात पाढे, तिसऱ्यात श्रुतलेखन, आणि सर्वांच्या वर मुख्याध्यापकाची नजर. या व्यवस्थेत नवख्यास एक आधार होता, तो असा की त्याचा वर्ग हाताबाहेर गेला तर मोठ्या मास्तराची एक हाक पुरे होई. परंतु त्याच कारणाने त्याची प्रत्येक चूक साऱ्या शाळेसमोर होई. आवाज चढविल्याखेरीज त्याचा शब्द पोचत नसे, आणि चढविला तर शेजारचा वर्ग बिघडे. बालवर्गासाठी पायऱ्यांची 'गॅलरी' असे. ग्लासगोच्या डेव्हिड स्टो याने तिचा प्रसार केला होता. साठ-सत्तर मुले एकदम समोर बसवून त्यांस एखादी वस्तू दाखवावी व प्रश्नोत्तरांनी तिचे गुण काढून घ्यावेत, अशी ती रीत. मराठीत 'वस्तुपाठ' हा शब्द आज 'आदर्श उदाहरण' या अर्थाने सर्रास वापरला जातो. तो शाळेतील या 'ऑब्जेक्ट लेसन'चेच भाषांतर होय. विद्यार्थी-शिक्षकाच्या हातून मात्र वस्तुपाठ पुष्कळदा शब्दपाठच होई. काच पारदर्शक आहे, कठीण आहे, ठिसूळ आहे, असे त्याने म्हणावे व मुलांनी एकसुरात म्हणावे, आणि काच टेबलावर तशीच पडून राहावी.

दिवसाचे पाच-साडेपाच तास शिकविणे, दीड तास शिकणे आणि रात्री स्वतःचा अभ्यास, हा क्रम चौदा-पंधरा वर्षांच्या शरीरास झेपण्यासारखा नव्हता. आजारपण, घशाचे विकार आणि परीक्षेपूर्वीचा थकवा यांचे उल्लेख त्या काळच्या कागदपत्रांत वारंवार येतात. १८६२ नंतर प्रत्येक अनुदानित शाळेत 'लॉग बुक' म्हणजे शाळेची रोजनिशी ठेवणे बंधनकारक झाले, आणि त्यांतील मुख्याध्यापकांच्या नोंदी या विषयाचे प्रमुख साधन आहे. त्या नोंदींची भाषा विचार करावयास लावणारी आहे. विद्यार्थी-शिक्षक उशिरा आला, त्याचा धडा तयार नव्हता, त्याने मुलास मारल्याबद्दल ताकीद दिली, त्याच्या वर्गाची शिस्त सुधारली, अशी ती वाक्ये असतात. एखाद्या मुलाला एखादी गोष्ट कशी समजली अथवा का समजली नाही, याचा उल्लेख त्यांत विरळा. ज्या अंगाची नोंद होते तेच अंग वाढीस लागते, हा कार्यालयांचा नियम शाळांनाही लागू पडला.

ही प्रवृत्ती अधिक घट्ट करण्याचे श्रेय रॉबर्ट लोच्या १८६२ मधील सुधारित संहितेस द्यावे लागते. शाळेचे अनुदान मुलांची हजेरी व वाचन, लेखन, गणित या तीन विषयांतील वार्षिक परीक्षा यांवर अवलंबून ठेवले गेले. 'निकालानुसार वेतन' या नावाने ते धोरण कुप्रसिद्ध झाले. विद्यार्थी-शिक्षकाचे विद्यावेतन सरकारकडून थेट मिळणे बंद झाले व शाळेच्या व्यवस्थापकांशी घासाघीस करून तो ते ठरवू लागला. मुख्याध्यापकाचे मानधन गेले. आठवड्याच्या साडेसात तासांचे शिक्षण पाच तासांवर आले. कवी म्हणून प्रसिद्ध असलेला मॅथ्यू आर्नल्ड १८५१ पासून शाळा-तपासनीस होता. विद्यार्थी-शिक्षक हेच इंग्रजी लोकशिक्षणाचे स्नायू आहेत असे मानणाऱ्या आर्नल्डने १८६७ च्या आपल्या अहवालात दाखवून दिले की, १८६१ मध्ये ३६ मुलांमागे एक विद्यार्थी-शिक्षक होता, तर १८६६ मध्ये ५४ मुलांमागे एक उरला. म्हणजे तेच काम अधिक मुलांसह, कमी शिक्षणात व अनिश्चित वेतनावर करावयाचे. वर्गातील प्रत्येक मूल आता अनुदानाचा अंश झाले. मंदबुद्धी म्हणून गणलेल्या मुलाला परीक्षेपुरते तयार करण्याचे काम बहुधा विद्यार्थी-शिक्षकाच्याच वाट्यास येई. पंधरा वर्षांच्या त्या पोराच्या हाती शाळेच्या उत्पन्नाचा एक भाग सोपविलेला असे.

याच काळातील कादंबऱ्यांत या मंडळींची चित्रे येऊ लागली. डिकन्सने १८५४ च्या 'हार्ड टाइम्स'मध्ये अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलेल्या मास्तरांची एकाच साच्यातून निघालेल्या वस्तूंसारखी टवाळी केली, आणि १८६५ मध्ये पूर्ण झालेल्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्ये नदीकाठच्या दरिद्री घरातून वर चढणारा चार्ली हेक्झॅम हा विद्यार्थी-शिक्षक रंगविला. चार्ली शिकतो, आणि शिकता शिकता आपल्या बहिणीची त्यास लाज वाटू लागते. डिकन्सचा उपहास एकांगी आहे, हे खरे. शाळेत न परतता शाळेवर टीका करणे त्यास सोपे होते. पण शिडी चढताना माणूस मागे काय सोडतो, हे त्याने अचूक हेरले.

वर्गाच्या आतील वाढीविषयी अधिक विश्वसनीय साक्ष ज्यांनी स्वतः ते काम केले त्यांची. एच. जी. वेल्स १८८० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, सॉमरसेटमधील वूकी येथे अल्पकाळ हे काम करीत होता. त्याच्या १९३४ मधील आत्मचरित्रावरून दिसते की त्याच्या वर्गातली काही मुले त्याच्याच अंगापिंडाची होती आणि त्याचा अधिकार बहुतांशी त्याच्या मुठीवर अवलंबून होता. डी. एच. लॉरेन्सचा अनुभव अधिक प्रदीर्घ आहे. खाणकामगाराचा हा मुलगा १९०२ पासून आपल्याच ईस्टवुड गावातील शाळेत विद्यार्थी-शिक्षक झाला व खाणकामगारांच्या मुलांना शिकवू लागला. पुढे इल्केस्टनच्या केंद्रात त्याचे अर्धवेळ शिक्षण झाले, १९०४ च्या किंग्ज स्कॉलरशिप परीक्षेत त्याने पहिल्या श्रेणीत यश मिळविले, नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९०६ ते १९०८ अशी दोन वर्षे काढली आणि मग तो क्रॉयडनला शिक्षक झाला. म्हणजे या पद्धतीच्या सर्व पायऱ्या त्याने ओलांडल्या. त्याच्या १९१५ च्या 'द रेनबो' या कादंबरीत उर्सुला ब्रँगवेन ही तरुणी एका गरीब वस्तीतील शाळेत शिकवू लागते. मुलांशी जिव्हाळ्याने वागावयाचे, प्रत्येकास व्यक्ती म्हणून ओळखावयाचे, अशी तिची मनीषा असते. मुले तिचा जिव्हाळा दुबळेपणा समजतात. मुख्याध्यापक तिच्या वर्गात येऊन तिच्यादेखत तिचा अधिकार काढून घेतो. सहशिक्षक तिला वास्तवाचे भान देतात. अखेर ती एका मुलास छडीने मारते आणि त्या दिवसापासून तिचा वर्ग शांत होतो. शाळेच्या मोजमापाने ती त्या दिवशी शिक्षिका झाली. कादंबरी ही दस्तऐवज नव्हे, आणि उर्सुला करारबद्ध विद्यार्थी-शिक्षिकाही नाही. परंतु लॉग बुकातील 'शिस्त सुधारली' या दोन शब्दांमागे काय घडत असावे, याचा इतका निःसंकोच वृत्तांत अन्यत्र मिळणे कठीण.

तथापि याच चित्रावर थांबणे अन्यायाचे होईल. पाच वर्षे एकाच शाळेत, एकाच वस्तीतील मुलांत राहिलेल्या विद्यार्थी-शिक्षकास एक ज्ञान आपोआप मिळे, जे कोणत्याही विद्यालयाच्या अभ्यासक्रमात नव्हते. कोणते मूल उपाशी येते, कोणाच्या घरी बाप आजारी आहे, कोण हंगामात शेतावर जाणार, हे त्याला ठाऊक असे, कारण तो त्याच गल्लीत राहत होता. मुलांची बोली ही त्याची बोली होती. ती पुसून टाकण्यासाठी अध्यापक विद्यालये झटत, हा त्यातला विरोधाभास.

मुलींच्या बाबतीत ही पद्धती आणखी एका अर्थाने निर्णायक ठरली. आरंभी मुलांची संख्या अधिक होती. १८७० च्या शिक्षण कायद्याने शाळा वाढल्या, मुलांना कचेऱ्यांतून व कारखान्यांतून अधिक वेतनाच्या जागा मिळू लागल्या आणि मुलींची संख्या झपाट्याने वाढून त्यांचे फार मोठे बहुमत झाले. टॉमस हार्डीच्या मेरी व केट या दोन्ही बहिणी सॉल्झबरीच्या अध्यापक विद्यालयात शिकल्या. 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' या १८९५ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या कादंबरीत सू ब्राइडहेड प्रथम फिलॉटसनच्या हाताखाली विद्यार्थी-शिक्षिका होते व मग विद्यालयात जाते. तेथील कडक नियमांचे वर्णन घरच्या माहितीवर आधारलेले असावे असे मानण्यास जागा आहे. कारागिराच्या मुलीस स्वतःच्या नावावर वेतन, परीक्षेचे प्रमाणपत्र आणि गावात मान, या तिन्ही गोष्टी एकत्र देणारा असा दुसरा मार्ग त्या काळी क्वचितच होता. ज्यांना विद्यालयात जागा मिळाली नाही त्या मात्र प्रमाणपत्राविना, कमी पगारावर वर्षानुवर्षे शिकवीत राहिल्या.

१८८० नंतर मोठ्या शहरांतील स्कूल बोर्डांनी विद्यार्थी-शिक्षकांसाठी मध्यवर्ती केंद्रे काढली. अर्धा वेळ शाळेत शिकवावे व अर्धा वेळ केंद्रात शिकावे, अशी वाटणी झाली. विद्यार्थी म्हणून त्यांची स्थिती यामुळे निःसंशय सुधारली. लॉरेन्ससारख्यांना समवयस्कांचा सहवास व चांगले अध्यापक प्रथमच मिळाले. पण मुख्याध्यापकाशी असलेला दुवा तुटला. जो शिकवितो तो वर्गात पाहत नाही, आणि जो वर्गात पाहतो तो शिकवीत नाही, अशी स्थिती झाली. १८८८ मध्ये अहवाल देणाऱ्या क्रॉस आयोगात या प्रश्नावर उघड फूट पडली. बहुसंख्य सभासदांना या पद्धतीवाचून शिक्षकांचा दुसरा पुरवठा दिसत नव्हता. अल्पसंख्य सभासदांनी ती शिक्षणव्यवस्थेतील सर्वांत दुबळी बाजू ठरविली. याच आयोगानंतर १८९० पासून विद्यापीठीय महाविद्यालयांस जोडून दिवसाची अध्यापक विद्यालये निघाली. १९०३ च्या नियमांनी प्रवेशाचे वय सामान्यतः सोळा केले, आणि १९०७ मध्ये माध्यमिक शाळेत पूर्ण वेळ शिकणाऱ्या भावी शिक्षकांस वेतन देण्याची योजना आल्यावर जुनी उमेदवारी मागे पडत गेली. आधी नीट शिकावे, मग शिकवावे, हे तत्त्व विजयी झाले. ते तत्त्व योग्य होते यात शंका नाही. तेरा वर्षांच्या मुलाच्या माथी वर्ग मारणे कोणत्याही काळी समर्थनीय नव्हते. परंतु वर्गात रोज शिकवून त्याच दिवशी अनुभवी शिक्षकापुढे त्याचा हिशेब देण्याची जी सवय चांगल्या शाळांत रुजली होती, तीही त्याबरोबर गेली. तिच्या जागी आले ते ठरावीक आठवड्यांचे सराव पाठ. शिक्षणाचा बराच भाग पुन्हा शाळेतच व्हावा असा आग्रह इंग्लंडातील सरकारने १९९२ नंतर धरला, तेव्हा जुन्या उमेदवारीची आठवण अनेकांनी काढली, त्यात काहीशी टीकाही होती.

मुंबई इलाख्याशी या इतिहासाचा संबंध अनुमानाचा नसून लेखी आहे. चार्ल्स वुडच्या १९ जुलै १८५४ च्या खलित्याने हिंदुस्थानात शिक्षक तयार करण्यासाठी ग्रेट ब्रिटनमध्ये चालू असलेल्या विद्यार्थी-शिक्षक पद्धतीचे अनुकरण करावे, चांगल्या शाळांतील होतकरू मुलांस विद्यावेतन द्यावे, त्यांच्या मास्तरांस मोबदला द्यावा आणि पुढे नॉर्मल स्कूलमध्ये पाठवावे, असे स्पष्ट सुचविले. मद्रासहून लंडनला गेलेली कल्पना अर्धशतकाने सरकारी मोहोर लावून परत आली. खलित्यापूर्वीही येथे प्रयत्न झाले होते. मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने मराठी व गुजराती शाळांसाठी शिक्षक तयार करून जिल्ह्यांत पाठविले होते. १८४५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये नॉर्मल वर्ग निघाला व त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. के-शटलवर्थच्या टिपणांच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट. पुढच्याच वर्षी बाळशास्त्री निवर्तले आणि काम दादोबा पांडुरंगांकडे गेले. या नॉर्मल वर्गाचा भर विषयज्ञानावर होता, आणि ते स्वाभाविक होते. भूगोल व नवे गणित खुद्द शिक्षकासच नवीन होते.

खलित्यानंतर मुंबई इलाख्यात निवडक मराठी शाळांतून अल्प वेतनावर असे उमेदवार ठेवले गेले. सुमारे दोन वर्षे शाळेत काम केल्यावर त्यांस ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळे. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी भूषविले, आणि १८६१ मध्ये सुरू झालेल्या 'शाळापत्रका'द्वारे शिक्षकांस वाचनाचे साधन मिळाले. रोप तेच असले तरी माती वेगळी होती. इंग्लंडात विद्यार्थी-शिक्षक ज्या वर्गातील मुलांस शिकवी, त्याच वर्गातून तो येत असे. येथे लिहिण्यावाचण्याची परंपरा असलेल्या मोजक्या जातींतूनच उमेदवार येत. ज्यांच्यासाठी खेड्यांतील शाळा काढल्या असे सरकार म्हणे, त्या शेतकऱ्यांच्या व अस्पृश्य गणलेल्यांच्या घरांतून जवळजवळ कोणी येत नसे.

ही तफावत सर्वांत स्वच्छपणे जोतीराव फुल्यांनी मांडली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांचे वेतन बारा रुपयांहून कमी नसावे आणि ते शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशी मागणी केली. नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास ज्यास लाज वाटत नाही, जो खालच्या थरांतील लोकांत सहज मिसळू शकतो, असा शिक्षक त्यांना हवा होता. निवेदनाचा हा भाग सामान्यतः जातीय प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने वाचला जातो, आणि तसा तो वाचलाच पाहिजे. परंतु त्यात अध्यापनशास्त्राचाही एक मुद्दा आहे. शिक्षकाची वाढ वर्गात होते हे मान्य केले, तर वर्गातील मूल त्याला कळण्याजोगे असले पाहिजे. इंग्रजी पद्धतीला हा लाभ फुकट मिळाला होता व तिने तो ओळखला नाही. फुल्यांनी तो मागितला. १८४८ पासून स्वतः शाळा चालविलेल्या माणसाने हे लिहिले होते. सावित्रीबाई फुले स्वतः घरी अक्षरओळख करून घेऊन मुलींच्या वर्गासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्यासाठी कोणतेही करारपत्र, विद्यावेतन वा क्वीन्स स्कॉलरशिप अस्तित्वात नव्हती.

पुढील काळात मुंबई इलाख्यातील उमेदवारीचे हे रूप क्षीण झाले, पण नाहीसे झाले नाही. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उतरलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा खेड्यातील एकशिक्षकी शाळेवर 'अनट्रेण्ड' मास्तर म्हणून नेमला जाई आणि काही वर्षांनी, पाळी आली की, ट्रेनिंग कॉलेजात पाठविला जाई. हा मुलगा वस्तुतः विद्यार्थी-शिक्षकच होता. फरक इतकाच की त्याच्या शाळेत त्याला शिकविणारा मुख्याध्यापक नव्हता. चार इयत्ता एका खोलीत, स्वतःच हेडमास्तर, स्वतःच असिस्टंट, आणि वर्षातून कधीतरी येणारे डेप्युटी, यांत त्याला जे साधले ते त्याने आपल्या आपण साधले. मग कॉलेजात आल्यावर त्याने पाठाचे टाचण काढावयाचे, हेतू, प्रास्ताविक, विषयविवेचन, उजळणी असे रकाने भरावयाचे, आणि जोडलेल्या सराव शाळेत अर्ध्या तासाचा पाठ द्यावयाचा; मागच्या बाकावर निरीक्षक व सहाध्यायी वही उघडून बसलेले. पाच वर्षे चार इयत्ता सांभाळलेल्या मास्तरास हा पाठ काहीसा नाटकी वाटला तर दोष त्याचा नव्हे. सराव शाळेतील मुलेही अशा पाठांना सरावलेली असत व कोणत्या प्रश्नाला काय उत्तर अपेक्षित आहे हे जाणून असत.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रशिक्षण आधी व नेमणूक नंतर हा क्रम हळूहळू स्थिर झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने शाळेतील प्रत्यक्ष कामाचा कालावधी बराच वाढविला. इंग्लंडातील परगण्यांच्या दप्तरखान्यांत जशी जुनी लॉग बुके आहेत, तशी महाराष्ट्रातील जुन्या मराठी शाळांच्या कपाटांतून शेरेबुके असतात. भेटीचा दिवस, पटावरील व हजर मुले, असिस्टंटाच्या वर्गाची तयारी, अक्षर, पाढे, स्वच्छता, यांवर डेप्युटीने स्वहस्ते लिहिलेले शेरे त्यांत वाचावयास मिळतात. एकाच शाळेचे शेरेबुक व तेथल्या मास्तराने पुढे कॉलेजात काढलेली टाचणे शेजारी ठेवून वाचणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आटोक्यातील काम आहे, आणि कागद जीर्ण होत चालल्याने ते लवकर हाती घेणे इष्ट होईल.